‘हलके काँक्रीट’ म्हणावे का?

प्रश्न: नॉर्वेतल्या स्टोल्मा पुलावर लिहितेय. १९९८ सालचा पूल, मुख्य गाळा (दोन खांबांमधला भाग) ३०१ मीटरचा. त्या गाळ्याच्या मधल्या भागातला बॉक्स गर्डर (पेटीसारखा पोकळ गर्डर) वजनाला हलक्या, तरी चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन ताकदीच्या काँक्रीटचा आहे. ‘हलके उच्चबल काँक्रीट’ असं लिहिलं, पण खटकतंय. आणि गर्डरला तुळई म्हणू का?

उत्तर: खटकतंय ते बरोबरच आहे. मराठीत वजन आणि दर्जा एकाच शब्दात बसलेत. भारी साडी म्हणजे उंची साडी, आणि हलकं कापड म्हणजे कमी प्रतीचं. त्यातून साइटवर कालवलेल्या काँक्रीटला ‘माल’ म्हणतात. तिथे ‘आज हलका माल येणार’ म्हणालात तर मिस्त्रीला वाटेल, सिमेंट मारलंय! म्हणून मी सरळ ‘कमी वजनाचं’ लिहितो.

‘बल’ही नको. शाळेपासून बल म्हणजे ढकलणं-ओढणं. इथे म्हणायचंय ते दाब सोसण्याची ताकद, तेव्हा ‘जास्त ताकदीचं’. पाठ्यपुस्तकी हवं असेल तर ‘उच्च सामर्थ्याचं’.

वजन कमी होतं ते खडीमुळे. चिकणमातीच्या गोळ्या फिरत्या भट्टीत अकराशे अंशांच्या वर भाजतात. आत वायू तयार होतो आणि गोळी लाहीसारखी फुगते. गच्चीवर बाग करणाऱ्यांकडे अशा गोळ्या असतात, एक फोडून बघा: वर तपकिरी कवच, आत काळपट जाळी. ही खडी पाणी पिते, म्हणून आधी भिजवून घेतात. नेहमीचं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, हे १९००-२००० च्या आसपास. एवढ्या लांब गाळ्यात गर्डरची निम्म्याहून जास्त ताकद स्वतःलाच पेलण्यात जाते, आणि मध्यावरचं वजन सगळ्यात जाचक. म्हणून मधेच हे काँक्रीट, कडेला नेहमीचं.

या खडीला ‘फुगवलेल्या मातीची खडी’ म्हणा. विदर्भातले वाचक असतील तर गिट्टी.

प्रश्नकर्ती: आणि तुळई?

उत्तर: तुळई म्हटलं की माळवदाखालचं लाकूड दिसतं. घराच्या बीमला चालेल. पुलावर मात्र इंजिनिअरपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे गर्डरच म्हणतात, तोच ठेवा. ‘गाळा’ तुम्ही आपणहून लिहिलात, तो मात्र अजिबात बदलू नका. ‘स्पॅन’ लिहायची गरजच नाही.

प्रश्नकर्ती: मग वाक्य असं करते: ‘मधल्या भागाचा गर्डर कमी वजनाच्या, पण जास्त ताकदीच्या काँक्रीटचा आहे.’

उत्तर: ‘पण’ काढा, ‘आणि’ घाला. ‘पण’ने तोच जुना संशय परत येतो.