प्राप्तिकराचे सात टप्पे कशाला? तीन पुरतात!

चक्रवाढ (धागाकर्ता)
२०२५ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत सात टप्पे आहेत. ४ लाखांपर्यंत शून्य, मग दर ४ लाखांना ५ टक्क्यांची चढण, २४ लाखांच्या वर ३० टक्के. त्यावर ८७ए (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम) ची सवलत : करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ. म्हणजे ५ आणि १० टक्क्यांनी कर आकारायचा आणि लगेच सोडून द्यायचा. हा खटाटोप कोणासाठी?

माझा प्रस्ताव : १२ लाखांपर्यंत सरळ करमुक्त, १२ ते २४ लाख २५ टक्के, पुढे ३०. ८७ए रद्द. श्रीमंतांची चंगळ होईल असं म्हणण्याआधी आकडेमोड करून बघा. २० लाखांवर आज २ लाख कर बसतो, माझ्या पद्धतीतही २ लाखच. २४ लाखांवर दोन्हीकडे ३ लाख. २० लाखांच्या पुढे कोणाचाही कर बदलत नाही. फायदा होतो तो १२ ते २० लाखांमधल्यांचा.

गच्चीवरचा
टप्पे सात असोत की सतरा, बेरीज पोर्टल करतं. डोकं उठतं ते दोन करप्रणालींमुळे. दर वर्षी एप्रिलमध्ये एचआर विचारतं, जुनी की नवी? जुनीत मिळणाऱ्या वजावटी, म्हणजे घरकर्जाचं २ लाखांपर्यंतचं व्याज, ८०सी चे (पीपीएफ, विमा वगैरे गुंतवणुकीचे) दीड लाख, घरभाडं, सगळं मांडून बघायचं. आणि ८०सी ची मर्यादा २०१४ पासून दीड लाखावरच अडकली आहे. सोपं करायचं तर त्यातली एक प्रणाली बंद करा.

पिवळी_पावती
बंद करायची तर नवी बंद करा! आमच्या पिढीने पीपीएफ आणि विमा काढला तो कर वाचवायलाच. मार्च आला की पैसे बाजूला पडायचे. आता पोरं म्हणतात वजावट नाही तर गुंतवायचं कशाला, आणि हप्त्यावर फोन घेतात.

चक्रवाढ
@पिवळी_पावती, बचत व्हावी हे मान्य. पण ती करकायद्याच्या काठीने का? त्याच काठीच्या धाकाने लोकांच्या गळ्यात नको त्या पॉलिसी पडल्या.

@गच्चीवरचा, पोर्टल बेरीज करतं, पण १२ लाखांच्या कडेला काय होतं ते बघा. पगार १२ लाख ७५ हजार, ७५ हजारांची प्रमाणित वजावट, कर शून्य. २५ हजारांची पगारवाढ झाली. करपात्र उत्पन्न १२ लाख २५ हजार. सरकार उदार होऊन म्हणतं, १२ च्या वरचे जेवढे, तेवढाच कर घेऊ. म्हणजे २५ हजार, वर ४ टक्के उपकराचे हजार रुपये. पगारवाढ अख्खी गेली आणि पदरचे हजार गेले! करपात्र १२ लाख ७० हजारांपर्यंत हेच चालतं. या पट्ट्यात वरच्या प्रत्येक रुपयावर शंभर टक्के कर आहे. हा आठवा टप्पा कुठल्याही तक्त्यात छापत नाहीत.

जुना_पापी
शंभर टक्क्यांचं एवढं काय घेऊन बसलात! १९७३-७४ मध्ये ११ टप्पे होते आणि सर्वांत वर अधिभार धरून ९७.७५ टक्के. तो दर ७७ वर आणला आपल्या यशवंतराव चव्हाणांनी, १९७४ च्या अर्थसंकल्पात. १९८५ मध्ये व्ही. पी. सिंगांनी आठाचे चार टप्पे केले, १९९७ मध्ये चिदंबरम यांनी १०-२०-३० टक्के असे तीनच दर आणले. टप्पे कमी करायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे, हा खेळ जुनाच आहे.

सही_शिक्का
मी कर सल्लागार आहे, त्यामुळे सोपं करण्याला माझा विरोध स्वार्थी वाटेल. वाटू दे. धागाकर्त्याचा हिशेब बरोबर आहे, प्रस्ताव मात्र चुकतो, कारण करमुक्त मर्यादा आणि सवलत या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज ४ लाखांच्या वर गेलात की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावं लागतं. मर्यादा १२ लाख केली की ही सगळी माणसं यादीतून बाहेर. दुसरं, शेअरच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ८७ए मिळत नाही. पण निवासी व्यक्तीची करमुक्त मर्यादा वापरायची उरली असेल तर तो नफा तिच्यातून वजा होतो. बाकी काही उत्पन्न नसलेल्या माणसाने शेअर विकून १० लाख कमावले, तर तुमच्या पद्धतीत एक पैसा कर नाही. सरकारने सवलतीचा आडमार्ग उगाच धरलेला नाही.

चक्रवाढ
विवरणपत्राची अट मर्यादेला बांधलेलीच हवी असं नाही. आजही वर्षाचं वीजबिल लाखाच्या वर गेलं किंवा परदेशवारीवर २ लाखांहून जास्त खर्च झाला, तर उत्पन्न कमी असलं तरी भरावंच लागतं. तशी आणखी एक अट घाला. शेअरच्या नफ्याला ही मर्यादा ४ लाखांपुरतीच मिळेल, असं एक उपकलम टाका.

सही_शिक्का
बघा, दोन उत्तरांत दोन नव्या अटी झाल्या. उद्या ज्येष्ठ नागरिक व्याजासाठी तिसरी मागतील. त्यापेक्षा ८७ए ठेवा आणि १२ च्या वर ती एकदम न कापता उतरती करा : प्रत्येक जादा १०० रुपयांमागे सवलत १० रुपयांनी कमी. १८ लाखांना ती संपेल, पगारवाढही अंगावर येणार नाही.

गच्चीवरचा
आणि हे एचआरला कोण समजावणार?