तीस वर्षे मुले मोजून काय साधले?

चिकित्सक: “मुलांची वजने वर्षानुवर्षे मोजत बसण्यापेक्षा तो पैसा सरळ त्यांच्या ताटात घाला,” हे ‘रानवारा’ यांचे कालचे विधान टाळ्या घेणारे असले, तरी ताटात नेमके काय घालायचे हे ठरवणार कसे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींची पाहणी सुरू केली. तिथली सरासरी २.७ किलोची बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच लहान होती, परंतु त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ती मुले सहा वर्षांची झाल्यावर असे आढळले, की ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फॉलेट (गोळीत फॉलिक अ‍ॅसिड म्हणून दिले जाणारे जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती सर्वाधिक होती. हे सहा वर्षे थांबल्यावाचून कळले नसते.

रानवारा: कळून झाले काय? हा निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. त्यानंतर किशोरींसाठी देशभर सुरू झालेल्या साप्ताहिक गोळीत पाहा, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड एवढेच आहे. आमच्या पाड्यावर मुलींना ती समोर उभे राहून गिळायला लावतात आणि रजिस्टर भरले की काम संपते.

निवृत्त मुख्याध्यापिका: गोळीचे सोडा, अंड्याचे बोला. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी काढून ते लोकसहभागावर सोपवले. माझ्या शाळेत अंड्याच्या दिवशी एरवी न येणारी पोरेही हजर असत. बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही, हे मंत्रालयात कोणाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

सात्त्विक: प्रत्येक चर्चा अंड्यावरच का येते? याच पाहणीत गरोदरपणी दूध, फळे आणि पालेभाज्या अधिक खाणाऱ्या स्त्रियांची बाळे मोठी आढळली होती. दूध द्या, कोणाच्या घरचे सोवळे मोडण्याची गरज नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका: दूध! आमच्या गावचे दूध दिवस उजाडण्याआधी डेअरीच्या गाडीत चढते आणि ते काढणाऱ्यांची मुले कोरा चहा पिऊन शाळेत येतात. सोवळे ज्यांना परवडते त्यांनी खुशाल पाळावे, पण दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातले अंडे उचलू नये.

सात्त्विक: ही भाषा शिक्षिकेला शोभत नाही.

चिकित्सक: कृपया मूळ मुद्द्यावर येऊ या. मातेच्या रक्तातील प्रमाण आणि मुलाची प्रकृती यांचा संबंध दिसला, म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तो तपासण्यासाठीच जन्मापासून पाहणीत असलेल्या त्याच मुलामुलींना, ती वयात आल्यावर, २०१२ पासून बी-१२ देऊन, पुढे त्यांना होणाऱ्या बाळांवरील परिणामाची चाचणी घेण्यात आली. गावांनी इतकी वर्षे साथ दिली नसती, तर ही मुले आणायची कुठून? धोरणाने मात्र या माहितीचा लाभ घेतला नाही, हे ‘रानवारा’ यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

रानवारा: उपकार झाले! म्हणजे नातवंडे मोजून होईपर्यंत आमच्या मुलींनी तीच गोळी गिळावी?

चिकित्सक: ती बंद करा असे कोणीही म्हटलेले नाही. फॉलिक अ‍ॅसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मदोष टळतात, हे पक्के आहे. तिच्यात बी-१२ घालावे, एवढीच मागणी आहे.

रानवारा: मग ही मागणी अर्ज करून आरोग्य खात्याकडे पाठवा, सही करायला मी येतो. वजनकाट्याबद्दलचे माझे मत मात्र तेच राहील.

निवृत्त मुख्याध्यापिका: त्याच अर्जात अंडे लिहिणार असाल, तर माझीही सही घ्या.