खिशात मावणारा झूम कॅमेरा धुपदाळच्या पाणथळीला आणि जांबोटीच्या रानाला पुरेल का?

पाणवठा (बेळगाव) यांचा प्रश्न

सर्व पक्षिमित्रांना नमस्कार.

मी टिळकवाडीत राहतो. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून पत्नी आणि मी महिन्यातून दोन-तीन वेळा तरी पक्षी पाहायला बाहेर पडतो. पावसाळ्यानंतर राकसकोप, हिवाळ्यात घटप्रभेवरचा धुपदाळचा बंधारा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जांबोटी-कणकुंबीचा रस्ता, असा आमचा साधारण क्रम आहे. आजवर माझ्याकडे मोठा कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची लेन्स होती (मिमीचा आकडा जेवढा मोठा, तेवढा दूरचा पक्षी जवळ दिसतो). दोन्ही मिळून अडीच किलोंहून अधिक वजन होते. गेल्या वर्षी खांद्याचे दुखणे सुरू झाले आणि डॉक्टरांनी ते ओझे कायमचे उतरवायला सांगितले. कॅमेरा पुतण्याला दिला, पण छायाचित्राशिवाय परत येणे अजून मनाला मानवत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर दिसलेल्या पक्ष्याची ओळख पटवण्यात जो आनंद असतो, तो मला सोडायचा नाही.

आता खिशात मावेल असा कॅमेरा घेण्याचा विचार आहे आणि दोन प्रकार डोळ्यांसमोर आहेत. पहिला म्हणजे कॅननचा ‘पॉवरशॉट झूम’. तो एका डोळ्याच्या दुर्बिणीसारखा धरायचा असतो, वजन अवघे १४५ ग्रॅम आहे आणि बटण दाबले की १०० मिमीवरून ४०० मिमीवर व पुढे डिजिटल पद्धतीने ८०० मिमीवर उडी घेतो. दुसरा प्रकार नेहमीच्या चपट्या कॅमेऱ्यांचा आहे. त्यात कॅननचा एसएक्स ७४० ४० पट झूमचा, म्हणजे २४ ते ९६० मिमीचा आहे, तर सोनीचा एचएक्स ९९ ३० पट झूमचा, म्हणजे २४ ते ७२० मिमीचा आहे. यांपैकी कोणता घ्यावा, आणि तो घेतल्यावर पत्नीच्या गळ्यातली ८×४२ ची (आठपट वर्धन, ४२ मिमीचे भिंग) दुर्बीण घरी ठेवता येईल का, याविषयी आपल्या भागात प्रत्यक्ष फिरणाऱ्यांचे मत हवे आहे.

घाटवाट (खानापूर) यांचे उत्तर

नमस्कार सर. दुर्बीण घरी ठेवू नका, हे मी आधीच सांगतो. त्याचे कारण कळले की कॅमेऱ्याची निवडही सोपी होईल.

आपण सगळे झूमच्या आकड्यांकडे पाहतो. आमच्या खानापूर तालुक्याच्या रानात मात्र कॅमेरा अडतो तो उजेडापाशी. एसएक्स ७४० चेच उदाहरण घ्या. झूम पूर्ण आत असताना त्याचे भिंग एफ/३.३ इतके उघडते आणि झूम पूर्ण बाहेर काढल्यावर एफ/६.९ वर येते (हा आकडा वाढला की उजेड कमी येतो). याचा अर्थ ९६० मिमीवर सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीच्या, दर चौरस मिलिमीटरला मिळणारा उजेड सुरुवातीच्या चौथाईहूनही थोडा कमी असतो. त्यातच या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढा असतो. जांबोटीच्या पुढे दाट झाडीत ढगाळ सकाळी कर्णा पक्षी फांदीवर स्तब्ध बसलेला असतो आणि डोळ्यांना त्याच्या पोटाचा लाल रंग स्पष्ट दिसतो, पण कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनक्षमता आयएसओ १६०० वर चढवूनही शटर स्पीड इतका खाली येतो की चित्र हलते किंवा दाणेदार होते. तिथे ७२० मिमी आणि ९६० मिमी यांत फारसा फरक उरत नाही.

दुर्बिणीचे गणित वेगळे आहे. ८×४२ च्या दुर्बिणीचे पुढचे भिंग ४२ मिमी व्यासाचे आणि वर्धन आठपट, म्हणून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिमी रुंद असतो. सावलीत विस्फारलेल्या बाहुलीला तो पुरून उरतो. ९६० मिमीवर त्या छोट्या कॅमेऱ्याचे प्रकाशद्वार सुमारे २५ मिमीचेच भरते, शिवाय पक्षी आपल्याला पडद्यावर, क्षणभर उशिरा दिसतो. पानांच्या गर्दीत वटवट्या शोधायचा असेल तर दोन डोळ्यांच्या दुर्बिणीला पर्याय नाही.

असे असूनही छोटा कॅमेरा घ्याच, कारण नोंदीसाठी तो अमोल आहे. मलबारी राखी धनेश नांदरुकाच्या फळांवर आलेला असतो, तेव्हा झाड उंच असले तरी माथ्यावर उजेड असतो आणि तिथे ९६० मिमी खरोखर कामी येते. चिमणीएवढा, १५ सेंटिमीटरचा पक्षी ३० मीटरवर असेल, तर ९६० मिमीवर चौकटीची रुंदी सव्वा मीटरहूनही कमी असते. २० मेगापिक्सेलच्या चित्रात त्या पक्ष्याला सुमारे सातशे पिक्सेल मिळतात. ‘पॉवरशॉट झूम’च्या ४०० मिमीवर तीच चौकट २.७ मीटर रुंद होते आणि त्याच्या १२ मेगापिक्सेलमधून पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम सव्वादोनशे पिक्सेल येतात. ८०० मिमी हा डिजिटल आकडा असल्यामुळे त्यात नवा तपशील भरला जात नाही. आपल्याला घरी येऊन ओळख पटवायची आहे, म्हणून माझे मत चपट्या कॅमेऱ्याच्या बाजूने आहे.

माळरान (निपाणी) यांचे उत्तर

घाटवाट यांनी दिलेली आकडेमोड मला मान्य आहे, परंतु ‘पॉवरशॉट झूम’ इतक्या लवकर बाजूला सारावा, असे मला वाटत नाही. माझ्या आईसाठी मी तो घेतला. तिचे वय ७६ आहे आणि हात किंचित थरथरतात, त्यामुळे दुर्बिणीतून तिला काहीच स्थिर दिसत नसे. या कॅमेऱ्यात प्रतिमा स्थिर करण्याची सोय आहे आणि पाहतानाच ती काम करते. आमच्या शेताच्या बांधावर तारेवर बसलेला नीलपंख तिने आयुष्यात पहिल्यांदा मान, चोच आणि पंखांवरच्या निळाईसकट पाहिला, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. त्या एका सकाळसाठी मला ती खरेदी योग्य वाटते.

दुसरे म्हणजे वेग. चपटा कॅमेरा सुरू होऊन भिंग बाहेर येईपर्यंत आणि झूम ताणेपर्यंत काही सेकंद जातात. माळावर हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत येतो आणि तेवढ्या वेळात बांधापलीकडे जातो. ‘पॉवरशॉट झूम’मध्ये मी १०० मिमीवर पक्षी धरतो, बटण दाबतो आणि ४०० मिमीवर चित्र घेतो. भोवत्याच्या माद्या ओळखणे किती कठीण असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. मानेभोवतीची फिकट कडी आहे की नाही, एवढे जरी चित्रात आले तरी वाद मिटतो.

उणिवाही सांगायला हव्यात. बॅटरी आतच बसवलेली असल्यामुळे बदलता येत नाही आणि ती सुमारे ७० मिनिटे चालते. मी खिशात पॉवर बँक ठेवतो. पाण्यापासून संरक्षण नाही. मागे पडदाही नाही, त्यामुळे काढलेले चित्र सोबतच्या माणसाला लगेच दाखवायचे झाले तर मोबाइल जोडावा लागतो.

पाणवठा यांचा पुढचा प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. माळरान, आपल्या आईंचा अनुभव पत्नीला वाचून दाखवला.

माझी मुख्य अडचण धुपदाळची आहे. तिथे पक्षी शंभर-दीडशे मीटरवर असतात. मोठ्या लेन्सनेसुद्धा करकोच्यांची चित्रे अनेकदा मऊ, विरघळल्यासारखी यायची. तेव्हा मी दोष माझ्या हातांना देत असे. छोट्या कॅमेऱ्याने यापेक्षा वाईटच परिणाम मिळेल का? शिवाय वर्षातून दोनदा पाहुणे येतात आणि त्यांना गोकाकचा धबधबा दाखवावा लागतो. त्यासाठी वेगळा कॅमेरा बाळगण्याची माझी इच्छा नाही.

मळेवाट (गोकाक) यांचे उत्तर

सर, तो दोष आपल्या हातांचा नसावा. बंधाऱ्यामागच्या उथळ पाण्यावर आणि काठच्या शेतांवर ऊन चढले की हवेचे तापलेले थर हलू लागतात आणि पलीकडची प्रत्येक वस्तू थरथरते. दीडशे मीटरवरचा करकोचा या हवेतूनच दिसत असतो, त्यामुळे लेन्स कितीही भारी असली तरी उपाय चालत नाही. जेवढे वर्धन जास्त, तेवढी थरथरही मोठी होऊन दिसते. मी हिवाळ्यात सूर्योदयाला तिथे पोहोचतो आणि दहाच्या सुमारास कॅमेरा पिशवीत ठेवतो. सकाळच्या पहिल्या दोन तासांत माझ्या ४० पट झूमच्या कॅमेऱ्याने घेतलेली कांड्या करकोच्यांची चित्रे एका मित्राच्या मोठ्या लेन्सने दुपारी घेतलेल्या चित्रांपेक्षा स्वच्छ आहेत.

आधार फार महत्त्वाचा आहे. तिपाई उचलायची नसेल, तर जुन्या कापडाची वीतभर पिशवी शिवून घ्या, ती ज्वारीने पाऊण भरा आणि गाडीच्या उतरवलेल्या काचेवर किंवा बंधाऱ्याच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. ज्वारी कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे दबते आणि सरकत नाही. गाडीचे इंजिन मात्र बंद हवे. उभ्याने चित्र घ्यायचे असेल तर कोपरे छातीला लावा आणि शटर दाबताना धक्का बसू नये म्हणून एका दमात तीन-चार चित्रे घ्या. पहिले हलते, पण तिसरे बहुधा स्थिर येते.

पक्षी चौकटीत सापडणे ही नवशिक्यांची मोठी तक्रार असते. थेट ९६० मिमीवरून शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्या जवळची खूण हेरा, मग तो खुंट, तो लव्हाळ्याचा झुबका किंवा ती पांढरी गाय चौकटीत घ्या आणि नजर न हलवता झूम वाढवत जा. फोकस मधल्या एकाच छोट्या बिंदूवर ठेवा, नाहीतर कॅमेरा पक्ष्याऐवजी पुढचे गवत पकडतो. पांढऱ्या बगळ्यावर ऊन असेल तर उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे दोन-तृतीयांशावर आणा, म्हणजे पिसांचा तपशील जळून जाणार नाही. आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या पाणकावळ्यासाठी तीच भरपाई अधिक करावी लागते.

उन्हात मागचा पडदा दिसत नाही, ही अडचण धुपदाळला तुम्हाला रोज जाणवेल. म्हणून माझा कल एचएक्स ९९ कडे आहे. त्याला वर उचलून वापरायचा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, आहे, तो एसएक्स ७४० ला नाही. कॅमेरा डोळ्याला टेकल्यावर हातांना तिसरा आधार मिळतो आणि ७२० मिमीवर तो आधार ९६० मिमीच्या जादा पल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. शिवाय त्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) चित्र घेता येते, त्यामुळे सावलीतली चित्रे घरी सुधारता येतात.

गोकाकच्या धबधब्यासाठी तर ‘पॉवरशॉट झूम’ चालणारच नाही. धबधब्याची उंची सुमारे ५२ मीटर आहे आणि पावसाळ्यात घोड्याच्या नालाच्या आकाराचा सगळा कडा वाहू लागतो. दीडशे मीटरवरून १०० मिमीच्या आडव्या चौकटीत चाळीस मीटरहून कमी उंची बसते, मग रुंदीची गोष्टच नको. २४ मिमीवर पूर्ण धबधबा येतो, आणि त्याच कॅमेऱ्याने समोरच्या खडकावरचे पारवे किंवा तुषारांतून सूर मारणाऱ्या पाकोळ्याही पाहता येतात. मात्र तुषार भिंगावर बसू देऊ नका. या चपट्या कॅमेऱ्यांचे भिंग आत-बाहेर सरकताना बाहेरची हवा ओढून घेते आणि तिच्याबरोबर ओल व धूळही आत जाते. पावसाळ्यात कणकुंबीकडे जाताना आणि हिवाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरमागे धुळीच्या रस्त्याने जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. वापरलेला कॅमेरा विकत घेणार असाल, तर पूर्ण झूमवर स्वच्छ आभाळाचे चित्र घेऊन पाहा. आत धूळ गेली असल्यास राखाडी ठिपके लगेच दिसतात.

घाटवाट यांचे उत्तर

मळेवाट यांचे व्ह्यूफाइंडरविषयीचे म्हणणे मला पटले. मी माझे मत एसएक्स ७४० वरून एचएक्स ९९ कडे वळवतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. कॅमेरा लहान असल्यामुळे तो कुठेही सहज बाहेर काढला जातो, म्हणून जागेचे भान ठेवावे लागते. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये. बेळगावच्या कॅम्प भागात लष्करी हद्द आहे आणि अनेक धरणांवर छायाचित्रणाला मनाई असते, तिथे पक्ष्याकडे रोखलेला झूमही गैरसमजाला कारण होतो. फेब्रुवारीनंतर धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो. आपण समोर उभे राहिलो तर तो दूरच्या झाडावर थांबून राहतो आणि आत मादी व पिल्ले उपाशी राहतात. ९६० मिमी हाताशी असले तरी ढोलीचे चित्र घेण्यासाठी थांबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाणवठा यांचे उत्तर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. दुर्बीण पत्नीच्या गळ्यात राहील आणि मी व्ह्यूफाइंडर असलेला चपटा कॅमेरा घेईन, असे आम्ही ठरवले आहे. नवा मिळाला नाही तर वापरलेला, आभाळाची परीक्षा घेऊनच घेईन. ज्वारीची पिशवी पत्नीने जुन्या चादरीची कालच शिवली. येत्या रविवारी पहाटे निघून आम्ही सूर्योदयापूर्वी धुपदाळला पोहोचणार आहोत. मळेवाट, आपल्याला सोयीचे असेल तर बंधाऱ्यावर भेटावे, आपला कॅमेरा एकदा हातात धरून पाहण्याची इच्छा आहे.

मळेवाट यांचे उत्तर

अवश्य या सर. मी साडेसहाला बंधाऱ्याच्या कठड्यापाशी असेन. वहिनींना दुर्बीण आणायला सांगा, कारण उजाडण्यापूर्वीच्या अंधुक प्रकाशात करकोचे उठतात तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही.