इमर्जन्सीत बाबांना चार तास नुसतं झोपवून ठेवलं, हे असंच असतं का?

लोकमान्यनगरची सून

नमस्कार. इंदूरला राहते. घरी सासरे (वय ७६), सासूबाई आणि मी. नवरा नोकरीमुळे पुण्यात.

गेल्या मंगळवारी रात्री साडेबाराला बाबा बाथरूमला जायला उठले आणि दाराची चौकट धरून तिथेच थबकले. चक्कर, दरदरून घाम, मग उलटी. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. वीस वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. समोरच्या काकांनी लगेच गाडी काढली आणि आम्ही जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात गेलो.

सुरुवातीला सगळं भराभर झालं. बोटाला टोचून शुगर पाहिली, बीपी घेतलं, पाच-सात मिनिटांत ईसीजी काढला. हाताला सुई लावून रक्त घेतलं. आणि मग काहीच नाही! पडदा ओढून बाबांना कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं. आमच्या मागून आलेल्या एका मुलाला थेट आत नेलं, नंतर एका बाईंना. तेच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले. कोणत्या गोळ्या घेतात ते मला धड सांगताच येईना, "ती पांढरी, बारीक, सकाळची" एवढंच. बाबा पाणी मागत होते, तर पाणी देऊ नका म्हणाले. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तेही त्याच तपासणीसाठी, पुन्हा पैसे भरून. माझा तोल गेला. बिल वाढवायला करताय का, असं त्या सिस्टरला बोलून गेले. पहाटे साडेपाचला घरी सोडलं.

बाबा आता बरे आहेत, पण पुन्हा अशी वेळ आली तर मी एकटीच असणार. कुणी जाणकार असेल तर सांगा: नक्की काय होत असतं तिथे? आणि मी काय तयार ठेवू?

निवृत्त सिस्टर

ताई, कॅज्युअल्टीत, म्हणजे इमर्जन्सी विभागात, माझी एकतीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे की तुम्ही लगेच निघालात ते फार बरं केलंत. शुगरच्या माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. घाम, उलटी, चक्कर, दम लागणं, एवढ्यावरच भागतं. रात्रभर गॅस समजून ओवा आणि सोडा देऊन झोपवलेली आणि सकाळी सातला स्ट्रेचरवरून आणलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की आजही आठवून जीव कळवळतो.

आता थांबण्याचं. कॅज्युअल्टीत नंबर लागत नसतो. दारातच एक जण पाहतो: श्वास कसा आहे, नाडी, बीपी, शुद्ध आहे का. त्यावरून लाल, पिवळा, हिरवा ठरतो. लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर जाईल, असा. तुमच्या मागून आलेला मुलगा लाल असणार. बाबांचा ईसीजी काढला तेव्हा तुमचीही घाई केलीच होती त्यांनी. छातीचा किंवा तसा संशय असला तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून डॉक्टरांनी बघायचा असतो. तो ठीक निघाला म्हणून तुम्ही कोपऱ्यात गेलात. त्या कोपऱ्यात जाणं ही चांगली बातमी होती, पण ती तुम्हाला कुणी सांगितली नाही, ही आमच्या लोकांची चूक. दोन वाक्यं बोलायला वेळ लागत नाही.

दुसऱ्यांदा रक्त घेतलं ते ट्रोपोनिनसाठी असणार. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, पण लगेच नाही, काही तास जावे लागतात. तुम्ही तासाभरात पोचलात, तेव्हा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्यावर विसंबून घरी पाठवता येत नाही. म्हणून तीन तासांनी पुन्हा. दोन्ही सारखे आले, तेव्हा सोडलं. तो खर्च फुकट गेला नाही. तुम्ही त्या सिस्टरला जे बोललात त्याचं मनाला लावून घेऊ नका, रात्री दोन वाजता घाबरलेली माणसं बोलतातच, आम्हाला कळतं ते.

पाणी यासाठी देत नाहीत की उलटी झालेल्या माणसाला पुन्हा झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. लकव्याचा संशय असेल तर गिळता येतंय का हे आधी तपासावं लागतं. आणि एकाएकी श्वासासाठी घशात नळी घालायची किंवा ऑपरेशनला न्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. ओठ ओल्या कापसाने पुसू का, असं मात्र जरूर विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात.

तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते मात्र रागावण्यासारखं नाही. दमलेल्या माणसाला पहिल्यांदा आठवत नाही ते तिसऱ्यांदा आठवतं. एका आजोबांच्या मुलाने दोनदा "रक्त पातळ करायची गोळी? नाही" सांगितलं आणि तिसऱ्यांदा "ती हृदयाची एक आहे, तीच का?" म्हणाला. आजोबा जिन्यावरून डोक्यावर पडलेले. रक्त पातळ असलं की डोक्यात आतल्या आत रक्तस्राव व्हायची भीती जास्त, म्हणून त्या एका उत्तरावरून डॉक्टरांनी सीटी स्कॅनची घाई केली.

गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. लोक पिशवी आणतात, ती उघडून मी टेबलावर ओतायची. पाच-सहा पट्ट्या, प्रत्येकीचा दोन-दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या, नाव आणि मात्रा छापलेला भाग दुकानातच राहिलेला. चंदेरी पाठीवर नुसती अर्धी अक्षरं. रात्री अडीचला त्यावरून काय ओळखणार? म्हणून पूर्ण पट्टी घ्या, किंवा नाव असलेल्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एका कागदावर मोठ्या अक्षरात: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तीही नावानिशी, कारण डाय टाकून स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची झाली तर डॉक्टर त्याबद्दल विचारतात. कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधी कोणतं ऑपरेशन झालं, आणि जुना एक ईसीजी. हा जुना ईसीजी सोन्यासारखा. आजचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचाच, ते त्यावरून कळतं.

आणि घड्याळ. त्रास दिसला कधी, हे नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ते. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो वेळ शेवटच्या ठणठणीत क्षणापासून मोजतात. "सकाळी उठले तेव्हा असे होते" म्हटलं की रात्री झोपल्यापासून मोजणं आलं.

खाटेपाशी बसल्यावर मोबाइलमध्ये डोकं घालू नका. नुसतं बघत बसा. पुन्हा घाम फुटला, बोलणं बदललं, गुंगी वाटली, छाती दाबल्यासारखी झाली, तर पडदा बाजूला करून मोठ्याने हाक मारा. हिरव्याचा लाल होतो, आणि तो बदल नातेवाइकांना आधी दिसतो.

राजेंद्रनगरकर

सिस्टरनी सगळं सांगितलंच आहे. माझा अनुभव वेगळा. दोन वर्षांपूर्वी राऊकडून येताना रस्त्यावर स्कूटरवरून पडलेला एक मुलगा दिसला. त्याला उचलून एका नर्सिंग होममध्ये नेलं. गेटवरच म्हणाले, ही पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जा, आणि डिपॉझिट कोण भरणार? मला तेव्हा काही माहीत नव्हतं, मी वाद घालत उभा राहिलो आणि त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. शेवटी एम.वाय.ला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, नेलं. मुलगा वाचला, पण ती वीस मिनिटं डोळ्यासमोरून जात नाहीत.

नंतर वकील मित्राने सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलिसांचे कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितलं आहे, आणि ते सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद हॉस्पिटल स्वतः करतं, त्यासाठी जखमीला ताटकळत ठेवायचं कारण नाही. अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १३४-अ संरक्षण देतं, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही.

पलासियाहून

बाबांचं वय ७६ आहे ना? सत्तरीच्या वरच्यांसाठी सरकारी योजनेतून मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. आत्ताच काढून ठेवा, आणि घराजवळचं कोणतं हॉस्पिटल त्या यादीत आहे तेही आधीच पाहून ठेवा. खासगी विमा असेल तर पॉलिसी वाचा. बऱ्याच पॉलिसींत चोवीस तास भरती झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्यासारखी एक रात्र खिशातूनच जाते.

लोकमान्यनगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या रडल्या. त्या रात्रीच्या सिस्टरना भेटून यावंसं वाटतंय.

काल दुपारी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि डबा पुढ्यात घेऊन कागद करायला घेतला. चार गोळ्या लिहून झाल्या. मग ते हळूच म्हणाले, "एक अजून आहे." देवघराच्या खणातून पट्टी काढली. गुडघ्यांसाठी दुखण्याची गोळी, दोन वर्षांपासून जवळजवळ रोज, मेडिकलवाल्याकडून परस्पर. आम्हा दोघींना पत्ताच नव्हता. त्या रात्री तीन जणांनी विचारलं तेव्हाही बोलले नाहीत, कारण "ती काय औषधात येते का?" हे डॉक्टरांना सांगायला हवं का?

निवृत्त सिस्टर

सांगायलाच हवं, ताई, आणि या आठवड्यातच. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या की किडनीवर आणि पोटावर भार येतो, शुगर-बीपीच्या माणसाला तर जास्तच, आणि बीपीही वाढतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्त तपासणी, करायला सांगतील बहुतेक. बाबांवर रागावू नका, गुडघे खरंच दुखत असणार त्यांचे, त्यावर दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. आणि कागदावर पाचवी ओळ म्हणून ती आजच लिहा, पट्टीवरचं पूर्ण नाव बघून.