'हाऊस'चे मूळ गोदामात
'हाऊस' या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या नावाची 'घरच्या घरी तयार होणारे संगीत म्हणून हाऊस' अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते; ती ऐकायला पटते, पण नावाचा माग शिकागोतील 'द वेअरहाऊस' (म्हणजे गोदाम) या नृत्य-क्लबकडेच अधिक भक्कमपणे जातो. तेथे १९७७ पासून डीजे फ्रँकी नकल्स डिस्को, सोल आणि युरोपातले सिंथेसायझर-संगीत एकमेकांत बेमालूम मिसळून पहाटेपर्यंत वाजवत असत, आणि त्याच तबकड्या मागत येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी 'इम्पोर्ट्स एटसेट्रा' या दुकानाने खणांवर 'वेअरहाऊसमध्ये वाजलेले' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या लावल्या. त्यांतले पुढे नुसते 'हाऊस' उरले. नावाआधीची ती माणसे मला अधिक मोलाची वाटतात: तेथे नाचणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी होते, आणि इतरत्र न मिळणारा मोकळेपणा त्यांना त्या जुन्या इमारतीत मिळत होता.