तांत्रिक मदत मागताना नेमकी कोणती माहिती द्यावी?

ग्रंथसेवक

नमस्कार. आमच्या वाचनालयातील पुस्तकांची यादी पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामने सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये) काढली जाते, परंतु ती एक्सेलमध्ये उघडली की मराठी मजकूर वाचता येत नाही. याविषयी मी एका तांत्रिक समूहात ‘एक्सेलमध्ये मराठी दिसत नाही, कोणता फॉन्ट टाकावा?’ असे विचारले, तेव्हा ‘अधिक माहिती द्या’ एवढेच उत्तर मिळाले. माहिती देण्याची माझी तयारी आहे. मात्र मी प्रोग्रामर नसल्याने उत्तर देणाऱ्याला कशाचा उपयोग होईल, हे मला ठरवता येत नाही. प्रश्न पुन्हा मांडताना तो कसा लिहावा, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

टंकनमित्र

‘अधिक माहिती द्या’ हे उत्तरही अपुरेच आहे, कारण कोणती माहिती हवी हे सांगण्याची जबाबदारी जाणकाराची असते. आपल्या प्रश्नात फॉन्ट हा उपाय आधीच गृहीत धरला आहे आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते ते मात्र आलेले नाही. असे झाले की वाचणारे फॉन्टविषयीच बोलत राहतात आणि मूळ अडचण बाजूला पडते.

‘मराठी दिसत नाही’ याचे किमान तीन वेगळे अर्थ होतात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर फॉन्टचा संशय रास्त आहे. पण विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा देवनागरी अक्षरे असलेला फॉन्ट सोबतच येतो, त्यामुळे ही शक्यता कमी वाटते. प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर बहुधा फाइल लिहिली जातानाच अक्षरे नष्ट झाली आहेत आणि ती त्या फाइलमधून परत मिळवता येणार नाहीत. रोमन ‘ए’वर तिरकी रेघ आणि त्यापुढे वर्तुळासारखे एक चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर फाइल बहुधा शाबूत आहे, फक्त ती चुकीच्या संकेतप्रणालीने (अक्षरे अंकांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीने) वाचली जात आहे. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटांत (बाइट म्हणजे साठवणीचे लहान एकक) साठवले जाते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. म्हणूनच ती रेघवाली ‘ए’ सारखी डोकावते. या तिघांपैकी काय दिसते, एवढे एक वाक्य लिहिले तरी निम्मे निदान होते.

सुबोध_संगणक

वरील मुद्द्यांशी मी सहमत आहे. त्यासोबत विंडोज, एक्सेल आणि पायथन यांच्या आवृत्त्या लिहाव्यात, आणि फाइल दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेलच्या डेटा विभागातून आयात केली, हेही सांगावे, कारण या दोन मार्गांनी एकच फाइल वेगळी दिसू शकते. शक्य असल्यास तीच फाइल लिबरऑफिस या एक्सेलसारख्या मोफत प्रणालीत उघडून पाहावी. ते उघडतानाच संकेतप्रणाली विचारते आणि तेथे यूटीएफ-८ निवडल्यावर मजकूर नीट दिसला, तर दोष फाइलमध्ये नाही हे सिद्ध होते. अशी एखादी चाचणी प्रश्नात असेल, तर उत्तर देणाऱ्याचे काम फार हलके होते.

पूर्ण यादी जोडू नये. दोन-तीन ओळींची नमुना फाइल आणि प्रोग्राममधील फाइल उघडण्याची ओळ पुरेशी आहे. ती ओळ, आणि त्रुटीचा संदेश आला असल्यास तोही, छायाचित्र म्हणून न देता मजकूर म्हणून चिकटवावा. छायाचित्रातून कोणाला काही नकलून वापरून पाहता येत नाही. फाइलमध्ये सभासदांची नावे किंवा फोन क्रमांक असतील, तर ते आधी काढून टाकावेत.

ग्रंथसेवक

आभारी आहे. आता प्रश्न असा लिहिला आहे: ‘विंडोज १० वर पायथन ३.११ ने लिहिलेली सीएसव्ही फाइल एक्सेल २०१६ मध्ये दोनदा क्लिक करून उघडल्यास मराठीच्या जागी रेघवाली रोमन अक्षरे दिसतात. लिबरऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडल्यावर तीच फाइल नीट दिसते. प्रोग्राममध्ये एन्कोडिंग (संकेतप्रणाली) यूटीएफ-८ दिले आहे. दोनदा क्लिक करूनच फाइल नीट उघडावी, यासाठी काय बदलावे?’

टंकनमित्र

या प्रश्नाचे उत्तर आता येथेच देता येते. फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ची ३ बाइटांची खूण नसेल, तर दोनदा क्लिक केल्यावर एक्सेल ती सहसा विंडोजच्या स्थानिक संकेतप्रणालीने वाचते. प्रोग्राममध्ये एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-एसआयजी’ असे (अर्थात रोमन लिपीत) लिहिल्यास पायथन ती खूण स्वतः घालते. जुन्या फाइलींसाठी एक्सेलच्या आयात खिडकीत फाइलचा उगम म्हणून ६५००१, म्हणजेच यूटीएफ-८, निवडावा. बिघडलेली दिसणारी फाइल एक्सेलमधून तशीच जतन मात्र करू नये, कारण मग ती रोमन अक्षरेच फाइलमध्ये पक्की होऊ शकतात.

सुबोध_संगणक

एक पुरवणी: हीच फाइल पुढे दुसरा पायथन प्रोग्राम वाचत असेल, तर तेथेही ‘यूटीएफ-८-एसआयजी’ द्यावे, अन्यथा ती खूण पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटते आणि प्रोग्रामला तो स्तंभ सापडत नाही.