फोनमधील चिपच्या बाजारात प्रामुख्याने दोनच नावे का उरली?

होटगीरोडकर:
नमस्कार. भाचीसाठी मध्यम किमतीचा फोन घ्यायचा म्हणून रविवारी नवी पेठेतील चार दुकाने पालथी घातली. फोनच्या कंपन्या डझनभर दिसल्या, पण आतील प्रोसेसर विचारला की उत्तर एकतर स्नॅपड्रॅगन नाहीतर मीडियाटेक. २०१२ मध्ये इंटेलची चिप असलेला झोलो एक्स९०० आपल्याकडेच विक्रीला आला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि एनव्हिडियाही तेव्हा या बाजारात होत्या. त्या मागे का पडल्या? आणि ‘मीडियाटेक तापतो’ हा दुकानदाराचा सल्ला आजही खरा मानावा का? सोलापूरच्या उन्हाळ्यात ही शंका मला गौण वाटत नाही.

जुळेसोलापूरकर:
माझ्या मते निर्णायक ठरला तो मोडेम, म्हणजे फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग. स्नॅपड्रॅगनवाल्या क्वालकॉमने प्रोसेसर आणि मोडेम एकाच चिपवर आणले, शिवाय पेटंटही तिच्याकडे होती. त्यामुळे ज्या कंपनीला मोडेम वेगळा घ्यावा लागे, तिची चिप फोन बनवणाऱ्याला महाग पडे. एनव्हिडियाने त्यासाठी २०११ मध्ये आयसेरा ही कंपनी विकत घेतली, तरीही जम बसला नाही. इंटेलने २०१६ मध्ये फोनच्या प्रोसेसरचा नाद सोडला आणि २०१९ मध्ये फोनच्या मोडेमचा व्यवसाय ॲपलला सुमारे १ अब्ज डॉलरला विकला. एवढे करूनही ॲपलचा स्वतःचा मोडेम आयफोनमध्ये आला तो थेट २०२५ मध्ये, यावरून हे काम किती अवघड आहे ते कळते.

मागवाला:
तापण्याबद्दल लिहितो. आमच्या घरी चादरींचा धंदा आहे. नक्षी आमची, सूत आमचे, पण माग दुसऱ्याचा आणि मजुरी नगावर, असे काम आम्ही कित्येक वर्षे करून घेतले. क्वालकॉम आणि मीडियाटेक यांचेही तसेच आहे: आराखडा त्यांचा, चिप मात्र तैवानच्या टीएसएमसीच्या किंवा सॅमसंगच्या कारखान्यात घडते. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगकडे तयार झाली आणि तापते म्हणून बदनाम झाली. २०२२ मध्ये जवळपास तोच आराखडा टीएसएमसीकडे गेला, तेव्हा ‘८ प्लस जेन १’ कमी वीज खाऊ लागली. माग बदलला की कापडाचा पोत बदलतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून दुकानदाराला कंपनी न विचारता चिपचा पूर्ण क्रमांक विचारावा आणि ती कुठे व किती नॅनोमीटरवर बनली आहे ते पाहावे (हा आकडा जितका लहान, तितके तंत्र नवे आणि विजेचा खप सहसा कमी).

जुळेसोलापूरकर:
सहमत. मीडियाटेकची डायमेन्सिटी ९००० ही टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवरच बनली होती. मात्र मध्यम किमतीत मीडियाटेकच्याच नावाखाली जुन्या ६ आणि १२ नॅनोमीटरच्या चिपही विकल्या जातात, तेव्हा नावावर जाऊ नये.

होटगीरोडकर:
दोघांचेही आभार. दुकानदाराने दाखवलेल्या दोन फोनच्या चिपचे क्रमांक उद्या घेऊन येतो आणि इथेच लिहितो.